लग्नाचे तुकडे

"शिरीष, इकडे ये. आधी ये."

"चहा ठेवलाय गं."

"उतू जाऊ दे. ये म्हणते ना!"

माझा आवाज चमत्कारिकच लागला असणार, कारण नवरा खरोखर गॅस बंद करून आला. मी कानातले हेडफोन काढून त्याच्या कानांना लावले आणि व्हिडिओ थोडा मागे नेऊन पुन्हा चालवला. पडद्यावर मी होते. पंचवीस वर्षांपूर्वीची, पिवळ्या साडीत, गौरीहरापुढे पाटावर बसून चिमटी-चिमटी तांदूळ वाहणारी. लांब कुठेतरी सनई लावलेली. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, चित्रात न दिसणारी दोन माणसं हलक्या आवाजात बोलत होती.

"निलूला कळता कामा नये. अक्षता पडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही."

"आणि तोवर दादा गेला तर?"

"गेले तरी."

एवढंच. मग सनई मोठी झाली आणि त्यात सगळं बुडालं.

शिरीषने हेडफोन काढले. "हा मधूमामांचा आवाज."

"हो. आणि दुसरे आमचे यशवंतकाका."

"मग दादा म्हणजे..."

"अण्णा. दुसरं कोण असणार? माझे वडील."

शिरीष माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला. मला त्या वेळी कुणाचा हात नको होता.

या गोष्टीला आता चार-पाच वर्षं होतील. मी शाळेत विज्ञान शिकवते. लॉकडाउनमध्ये तास ऑनलाइन घ्यायची पाळी आली तेव्हा व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर मी रडतखडत शिकले आणि मग मला त्याचा नादच लागला. लांबलचक रेकॉर्डिंग घ्यायचं, विषय बदलेल तिथे कट मारायचा, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं, की ठेवला बाजूला. आमच्या गॅलरीत मांजर व्याली, तर तिच्या बाळंतपणाचेसुद्धा मी सहा तुकडे पाडून मैत्रिणींना पाठवले होते. शिरीष मला खाटीक म्हणायचा.

तर आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार, म्हणून मी लग्नाची जुनी कॅसेट दुकानात देऊन तिची फाइल करून आणली. तीन तासांचा सलग व्हिडिओ. त्याचे हळद, गौरीहर, मंगलाष्टकं, कन्यादान, पंगत, पाठवणी असे तुकडे करून घरच्या ग्रुपवर रोज एक टाकायचा, असा माझा बेत होता. ही कॅसेट तोवर कुणी पाहिलेलीच नव्हती. पाहणार कोण? लग्नाच्याच दिवशी माझे वडील गेले. फोटोग्राफरने तिच्यात कापाकापी न करता, गाणीबिणी न घालता, जशी होती तशी आणून दिली आणि ती आईच्या कपाटात तळाला जाऊन पडली.

अण्णांना लग्नाच्या तोंडावर हार्ट अटॅक आला होता. साताऱ्यातल्या आमच्या कार्यालयाच्या मागच्याच गल्लीत एक छोटा दवाखाना होता, तिथे त्यांना ठेवलं होतं. "लग्न पुढे ढकललंत तर मी सलाइन उपटून चालता होईन," असा त्यांनी सगळ्यांना दम भरला. डॉक्टरही धोका टळला म्हणाले. म्हणून लग्न ठरल्या दिवशी झालं, कन्यादानाला काका-काकू बसले, पाठवणी झाली, आम्ही वाईला सासरी पोचलो आणि रात्री निरोप आला. नंतर आईने मला सांगितलं, "लग्न छान लागलं असं मी त्यांना जाऊन सांगितलं. हसले गं. आणि संध्याकाळी झोपेतच गेले."

या एका वाक्यावर मी पंचवीस वर्षं काढली. कुणी हळहळलं की मीच त्यांची समजूत घालायचे, अहो, लग्न लागलेलं ऐकून गेले माझे वडील, समाधानाने गेले. आणि आता हे! मी तिथे सौभाग्य मागत तांदूळ वाहत होते, आणि माझ्यापासून दोन हातांवर माझी सख्खी माणसं 'गेले तरी' म्हणत होती. गेले तरी!

"आईंना विचार," शिरीष म्हणाला.

आई तेव्हा आमच्याकडेच राहायची, नाशिकला. वय ऐंशीला टेकलेलं, पण खणखणीत. आतल्या खोलीत ती मटार सोलत बसली होती. तिच्याकडे जायची माझी छातीच होईना. मी कोल्हापूरला मधूमामाला फोन लावला.

"मामा, माझ्या लग्नात गौरीहराच्या वेळी तू आणि यशवंतकाका काय बोलत होतात?"

"कोण, निली? अगं, सकाळी सकाळी हे काय काढलंस? जिलबीचं बोलत असू. कमी पडणार होती."

"'गेले तरी' असं म्हणालास तू. माझ्याकडे आवाज आहे तुझा."

मामाचा आवाज एकदम खाली आला.

"कुणी ऐकवलं तुला?" त्याने विचारलं.

"तूच ऐकवलंस. कॅमेऱ्याला खेटून उभा होतास."

"हे बघ पोरी, रागावू नको. दवाखान्यातून कार्यालयात फोन आला होता, तब्येत एकदम बिघडलीय म्हणून. फोन अक्कानेच घेतला. मला बाजूला घेऊन म्हणाली, मधू, काही झालं तरी लग्न थांबवायचं नाही आणि निलूला कळू द्यायचं नाही. तेच मी यशवंतरावांच्या कानावर घातलं."

"म्हणजे आईने सांगितलं हे? आईने?"

"हो. पण तेव्हा दाजी होते गं! ते संध्याकाळी गेले. पाठवणी झाल्यावर अक्काने आम्हाला सांगितलं तेव्हा कळलं. देवाशपथ सांगतो. अगं, आधी कळलं असतं तर यशवंतराव कन्यादानाला बसले असते का? सख्ख्या भावाचं सुतक!"

ते खरं होतं. सुतक कळलं की लागतं, कळेपर्यंत लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. आणि काका त्या बाबतीत मोठे काटेकोर.

"आई कशी होती त्या दिवशी?" मी विचारलं.

"अक्का? छान होती की. पंगतीत स्वतः आग्रह करत फिरत होती. तू उगीच नको ते उकरत बसू नकोस."

फोन ठेवला आणि उकरायलाच बसले. आता मला गौरीहर नको होता, मंगलाष्टकं नको होती. मला आई हवी होती. जिथे जिथे आई दिसेल तिथे अलीकडे-पलीकडे कट मारायचा आणि तेवढाच तुकडा काढून ओळीने लावायचा. शिरीष मागे उभा राहून बघत होता. चहाचं दोघांनाही भान नव्हतं.

सकाळच्या हळदीत आई होती. आधी माझ्या गालांना, मग येईल त्या बाईच्या गालांना हळद फासत होती, मोठमोठ्याने हसत होती. बायकांना कुंकू लावत होती. गौरीहरापाशी ती माझ्यापुढे वाकली, माझ्या कपाळावरचं कुंकू पदराच्या टोकाने नीट केलं आणि कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेली. तोच तो फोन असणार. त्यानंतर मामा-काकांचं बोलणं.

मंगलाष्टकांत आई नव्हती. त्यात नवल काही नाही. मुलीच्या आईने मंगलाष्टकं पाहायची नसतात, त्या वेळी तिने तुळशीला पाणी घालायचं असतं, अशी आमच्यातली रीत. त्यामुळे ती दिसली नाही तरी कुणी शोधत नाही. सगळे धरूनच चालतात.

कन्यादानात आई नव्हती. होमाला नव्हती. सप्तपदीत नव्हती. गर्दीतला चेहरा न् चेहरा मी थांबवून, मोठा करून पाहिला. काकू होती, मामी होती, शेजारच्या बर्वेबाई होत्या, माझी आई नव्हती. कोपऱ्यात कॅमेऱ्याने वेळ छापलेली होती. दीड तास!

"दीड तास कुठल्या तुळशीला पाणी घालत होती ही?" मी म्हणाले.

पंगतीत आई परत आली. हातात जिलबीचं ताट, तोंडावर हसू, "वाढा हो त्यांना, लाजू नका." मामा म्हणाला तशीच. माझा जीव जरा भांड्यात पडला. अण्णांना बरं वाटलं असेल, ती निवांत होऊन परत आली असेल. मी पुढचा तुकडा लावला. विहिणीची ओटी.

या ओटीबद्दल सांगायला हवं. मुलीच्या आईने मुलाच्या आईची ओटी भरायची, हा मोठा मान. आमच्या सासूबाईंची ओटी माझ्या आईने भरली नाही, काकूने भरली. हे त्यांनी मरेपर्यंत मनात ठेवलं. दर संक्रांतीला, दर चैत्रागौरीला एकदा तरी निघायचंच, "तुझ्या आईला माझी ओटी भरायला जड झालं हो." मी आईला विचारलं तर म्हणायची, "गडबडीत राहून गेलं."

राहून गेलं नव्हतं. व्हिडिओत सासूबाई पाटावर मानाने बसल्या होत्या. काकूने नारळ, खण, तांदूळ असं ताट आईपुढे धरलं. आईने करंड्याचं झाकण उघडलं. कुंकवाकडे हात नेला आणि थांबली. तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग झाकण लावलं, करंडा काकूच्या हातात दिला, काहीतरी पुटपुटली आणि मागे सरकून खांबाला टेकून उभी राहिली. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले होते. सासूबाईंचा चेहरा पडला तो तिथे.

मी भराभरा पुढचे तुकडे पाहिले. मागचेही पुन्हा पाहिले. सकाळी जी बाई दिसेल तिच्या कपाळाला कुंकू लावत सुटली होती, तिने जेवणानंतर एकाही बाईला बोट लावलं नव्हतं. पाठवणीच्या वेळी माझ्या कपाळालासुद्धा काकूनेच कुंकू लावलं. मी आईच्या गळ्यात पडून रडत होते आणि तिचे हात माझ्या पाठीवर होते.

"अगं निलू," शिरीष म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, "माझी आई वीस वर्षं त्यांना बोलत राहिली."

"शिरीष, तिला माहीत होतं. अण्णा तेव्हाच गेले होते. अख्ख्या कार्यालयात फक्त तिलाच माहीत होतं, आणि ती जिलबी वाढत होती."

विधवेने ओटी भरू नये, कुंकू लावू नये, हे माझ्या आईने आयुष्यभर पाळलं. मी कितीदा भांडले त्यावरून, पण ती ऐकायची नाही. मला धक्का बसला होता आणि त्याच्या आतून असा काही संताप उसळला की मी लॅपटॉप तसाच उचलला आणि आतल्या खोलीत गेले.

आईने मान वर केली. पडद्यावर ती खांबाला टेकून उभी होती.

"अगंबाई, कोण ही? मी? केवढी बारीक होते," ती म्हणाली.

"आई, अण्णा कधी गेले?"

तिने एक शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले. "सांगितलंय ना. संध्याकाळी."

"आई!"

"ओरडू नको, कान शाबूत आहेत माझे." मग तिने पडद्याकडे पुन्हा पाहिलं, नीट, वाकून. "सगळं कापून कापून बघितलंस होय," ती म्हणाली. "तुझी सप्तपदी चालली असेल. तेव्हा गेले."

"मी त्यांची मुलगी होते, आई! मागच्या गल्लीत होते. तशी पिवळ्या साडीत धावत आले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"हा हक्क तुला कुणी दिला?"

"कुणी नाही. घेतला मी." ती शांतपणे म्हणाली, पण तिचे हात थांबले होते. "तू आली असतीस तर लग्न राहिलं असतं. ते तर जाणारच होते, डॉक्टरांनी फोनवर साफ सांगितलं. मग वर्षभर कार्य नाही. तुझ्या सासरची माणसं थांबली असती की नाही, कोण जाणे. आणि तू दारात दिसली असतीस ना, तर त्यांनी तेव्हाच जीव सोडला असता. माझ्यापायी पोरीचं लग्न मोडलं म्हणून."

"काकांना, मामाला तरी सांगायचंस."

"काकांना सांगून? कन्यादान कोण करणार होतं? डॉक्टरांच्या पाया पडले मी, म्हटलं, संध्याकाळपर्यंत कुणाला कळवू नका. चांगला माणूस. ऐकलं त्यांनी. कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून आले परत. पण दुसऱ्याच्या कपाळाला लावायचं धाडस नाही झालं गं. तुझ्या लग्नात काही वेडंवाकडं नको."

शिरीष दारात उभा होता. तो मान खाली घालून निघून गेला. मी आईसमोर जमिनीवर बसले. माझा राग गेला नव्हता. एक गोष्ट विचारायची राहिली होती आणि तिचीच मला भीती वाटत होती.

"लग्न लागल्याचं ऐकून ते हसले, म्हणालीस. ते खोटंच ना?"

"हसले नाहीत," आई म्हणाली.

मला वाटलं, संपलं. पंचवीस वर्षं ज्याला धरून होते ते हातातून गेलं. मी रडायला लागले, आणि आईने मला रडू दिलं. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"डोळे मिटलेले होते. नाकाला नळी. मी उशाशी बसले, हात हातात घेतला. तर त्यांनी बोटं फिरवली माझ्या बांगड्यांवरून. तुझ्याबरोबर मीही हिरव्या भरल्या होत्या ना, हातभर. चाचपून बघितल्या आणि म्हणाले, 'निलू?'"

"मग?"

"'हो' म्हटलं."

मी डोळे पुसता पुसता थांबले.

"हो म्हटलं! दुसरं काय म्हणू? शुद्धीत आले की तुझंच नाव. 'लागलं लग्न?' म्हणाले. हो म्हटलं. लागायचं होतं अजून, भटजी पहिलंच मंगलाष्टक म्हणत असतील. आवाज बारीक काढला मी, तुझ्यासारखा. जमला की नाही कुणास ठाऊक, पण हात घट्ट धरला त्यांनी. हसले नाहीत, पण कपाळावरच्या आठ्या गेल्या बघ. मग म्हणाले, 'आई कुठाय?'"

"आई..."

"म्हटलं, येतेय. पाहुण्यांचं बघतेय, येतेच आहे." तिने ताटली बाजूला सारली. "बरीच वाट बघितली त्यांनी. पाऊल वाजलं की दाराकडे मान वळवायला बघायचे. मी इथे, उशाशी. एकदा अगदी ओठावर आलं, अहो, मीच आहे. पण मग तू गेली असतीस ना त्यांच्या हातातून. नाही बोलले. शेवटी म्हणाले, 'निलू, तिला सांग, मी वाट पाहिली.' हो म्हटलं. झालं मग."

आईचा आवाज कुठेही हलला नव्हता. बाहेर शिरीष भांड्यांशी काहीतरी उगीचच करत होता. मी सरकून तिच्याजवळ गेले. तिचा हात ओढून हातात घेतला. मनगटात एकही बांगडी नव्हती, पंचवीस वर्षं नव्हती.

"आई," मी म्हणाले, "अण्णांचा निरोप आहे तुला. त्यांनी तुझी खूप वाट पाहिली."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"हो का गं?" आई म्हणाली, आणि मी तिला जन्मात पहिल्यांदा हमसून हमसून रडताना पाहिलं.